सत्ताविसावं प्रकरण

३ नोव्हेंबर, सोमवार

जन्मभर दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलं. स्वतःचं म्हणून चार ओळींच्या पत्रापलीकडे कधी काही लिहिलं नाही. आज बसलोय, कारण ही गोष्ट बोलायला घरात कुणी नाही. ज्या एका माणसाशी मी सगळं बोलतो, नेमकं तिच्यापासूनच हे लपवायचं आहे. वही टेबलावर उघडी टाकली तरी हिला दिसणार नाही, असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. पण आहे ते असं आहे.

सकाळी मेहुणी आली आणि चपला काढायच्या आत म्हणाली, "ताई, तुझ्या नावाड्यावर सिनेमा काढलाय! एकवीस तारखेला लागतोय."

ही खिडकीपाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबला. "कुठला नावाडी? आपला?"

"आपलाच. पेपरात फोटो आलाय. नदी आहे, होडी आहे आणि ती पोरगी आहे."

"मग जायला हवं," ही म्हणाली.

मी लगेच तोंड घातलं. म्हटलं, पुस्तकाची सर सिनेमाला येत नाही. तीनशे पानं दोन तासांत कोंबायची म्हटल्यावर माणसं कापावी लागतात, आणि उरतात त्यांना नाचवावं लागतं. बरंच बोललो. एरवीही माझं हेच मत आहे, त्यामुळे खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

"अजून लागायचाय तो, भाऊजी. आधीच चुका काढल्या?"

"चुका काढण्यावरच पोट भरलंय माझं."

हिला दिसत नाही तर कशाला जायचं, हे ओठांवर आलं होतं, पण बोलवलं नाही. तर हीच म्हणाली, "मला ऐकू येतं की."

४ नोव्हेंबर, मंगळवार

नीट मांडून ठेवतो, म्हणजे मी काय करून बसलोय ते मला तरी दिसेल.

आम्ही दोघं एकाच छापखान्यात होतो. मी प्रुफं तपासायचो, ही माझ्यासमोर बसून मूळ प्रत मोठ्यानं वाचायची. ती एक वाक्य वाचणार, मी छापील मजकुरावरून नजर फिरवणार, बरोबर असलं की पेन्सिल टेबलावर एकदा टेकवणार, की ती पुढे. पान संपलं की ती विचारायची, "जुळलं?" मी म्हणायचो, "जुळलं." तीन वर्षं आमच्यात याखेरीज फारसं बोलणं झालं नाही, आणि मग एकदम लग्नच झालं. छापखान्यात अजून त्याची चेष्टा होते. मूल झाल्यावर हिनं नोकरी सोडली. मी निवृत्तीपर्यंत राहिलो.

नऊ वर्षांपूर्वी हिचे डोळे पुरते गेले. तेव्हापासून रोज चारचा चहा झाला की मी वाचून दाखवतो. हातात पेन्सिल असतेच, आणि वाक्य संपलं की ती खुर्चीच्या दांडीवर टेकते. मला ते कळतसुद्धा नाही. मेहुणी म्हणते, भाऊजी वाचतात की सुतारकाम करतात?

पहिल्याच वर्षी हिनं नावाड्याची कादंबरी मागितली. माझ्याच हातून गेलेलं पुस्तक. प्रकरणं सत्तावीस. बायको वारलेला एक नावाडी आणि त्याची दहा वर्षांची मुलगी. पुराच्या दिवसांत नावाडी तापानं फणफणतो आणि मुलगी औषधासाठी एकटीच होडी पाण्यात लोटते. तिथे सव्विसावं प्रकरण संपतं. सत्ताविसाव्यात ती परत येत नाही.

ते मला हिला वाचून दाखवता येईना. पाणी प्यायलो आणि पुस्तकावर नजर ठेवून मनानंच सांगत सुटलो. होडी वळणावरच्या झाडात अडकली, मुलगी तिसऱ्या दिवशी ओल्या केसांनी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भूक लागली." ही ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बरं झालं."

लेखकाला विचारल्याशिवाय मी कधी कुणाचा स्वल्पविराम हलवला नाही. आणि इथे आख्खं प्रकरण बदललं. पण हिच्यासाठी केलं. हिला झेपलं नसतं.

तेव्हापासून दर वर्षी नोव्हेंबर लागला की हिला हेच पुस्तक हवं असतं. थंडी पडली की काही जणांना ठरलेली जुनी शालच लागते, तसं काही असेल. दर वर्षी मला तो शेवट सांगावा लागतो, आणि सांगताना त्यात थोडी भर पडते. एका वर्षी मुलीला शाळेत घातली. पुढच्या वर्षी ती पोहायला शिकली. गेल्या वर्षी तर तिला शिक्षिकेची नोकरी लावून मोकळा झालो.

आता हा सिनेमा. त्यात ती मुलगी बुडणार, आणि माझ्या नऊ वर्षांचं पितळ भर थेटरात उघडं पडणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हिला म्हटलं, थेटरला पायऱ्या फार आहेत. ही म्हणाली, मला काय पळत जायचंय? म्हटलं, आवाज कर्कश असतो, तुझं डोकं दुखेल. म्हणाली, गोळी बरोबर घेऊ. म्हटलं, तो सिनेमा काही खास नाही असं पेपरात आलंय. म्हणाली, "अजून लागला नाही ना?"

मला खोटं बोलायची सवय नाही. एका वेळी एकच जमतं.

चारला म्हणाली, "नावाडी काढा. सिनेमाच्या आधी वाचून व्हायला हवा." पहिली दोन प्रकरणं वाचली.

१० नोव्हेंबर, सोमवार

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. दिसण्याची आशा नाही, पण डोळ्यांतला दाब तपासावा लागतो. तिथे नवीन पोरगी बसली होती. जुना कागद सापडेना म्हणून तिनं सगळं पहिल्यापासून विचारलं. वय, पत्ता, आजार. मग मान वर न करता, "मुलं किती?"

"नाहीत," मी म्हणालो.

हिचा हात माझ्या दंडावर होता. तो तिनं काढून घेतला आणि पदर सारखा केला. नंतर पुन्हा ठेवला नाही. बाहेर पडताना उंबरठा होता म्हणून मीच धरला.

काय सांगायचं त्या पोरीला? होती म्हटलं तर ती मान वर करणार, चेहरा पाडणार, कशानं गेली विचारणार. एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला हेच उत्तर सोपं पडत आलंय, आणि हिच्यावरही बोलायची पाळी येत नाही. त्या दिवसापासून आम्ही घरात तिचं नाव घेतलेलं नाही. हिला त्रास होऊ नये म्हणून मी घेत नाही. ही का घेत नाही, ते मी विचारलेलं नाही.

सव्वीस तारीख जवळ येतेय. मी नेहमीसारखा सकाळीच डबा घेऊन वाचनालयात जाईन आणि दिवेलागणीला परतेन. त्या दिवशी घरात थांबवत नाही. मेहुणी दर वर्षी नेमकी त्या दिवशी येऊन बसते, त्यामुळे हिची सोय होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज मेहुणीशी जुंपली. ती म्हणते, सिनेमाच बरा. अंधार असतो, मनसोक्त रडून घ्यावं, कुणाला कळत नाही. पुस्तक वाचताना रडलं की घरातले विचारतात काय झालं.

मी म्हटलं, पुस्तक आपल्या चालीनं चालतं. झेपेना तिथे मिटता येतं. सिनेमा काही आपल्यासाठी थांबत नाही.

"मिटता येतं हे खरं," ती म्हणाली. "काही लोक मिटतात ते पुन्हा उघडतच नाहीत."

ही आत गेल्यावर मी मेहुणीला गॅलरीत गाठलं. सगळं सांगून टाकलं. शेवट मी बदललाय, तो हिला ठाऊक नाही, सिनेमाला गेली तर कळेल, काहीतरी कर आणि बेत मोड. तिनं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं आता ओरडणार. या बाईची जीभ म्हणजे पट्टा. पण म्हणाली, "भाऊजी, ताईला झेपणार नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आई आहे ती."

"आणि तुम्ही?"

मी म्हटलं, माझा प्रश्नच नाही. तू फक्त खरा शेवट तिला सांगू नकोस, एवढं वचन दे.

"नाही सांगत," ती म्हणाली आणि उगाचच माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मोठ्या मनाची आहे. मी तिला उगाच बोलत असतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रकरण एकोणीस. नावाडी मुलीच्या वेण्या घालतो ते प्रकरण. त्याला दोन्ही सारख्या जमत नाहीत, एक वर एक खाली. ही हसली. म्हणाली, "हे सिनेमात येईल का हो?"

"कसलं येतंय. त्यांना गाणं बसवायचं असेल."

"आलं तर छान होईल. वेण्यांचा काही आवाज होत नाही, मला कळायचं नाही. तुम्ही सांगाल ना?"

सांगेन म्हटलं. म्हणजे जायचं हे मी कबूल केल्यासारखंच झालं.

मग ही म्हणाली, "यंदा तिचं काय होणार?"

"कुणाचं?"

"मुलीचं. शेवटी."

हल्ली ही विसरते वाटतं. तेच पुस्तक, तोच शेवट, यंदाचं वेगळं काय होणार? म्हटलं, ऐकशीलच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संपवलं. सव्विसावं वाचलं, मुलीनं होडी लोटली, मी पाणी प्यायलो आणि सुरू केलं. नऊ वर्षांत पाठ झालंय. झाड, ओले केस, भूक लागली. शाळा, पोहणं, नोकरी. यंदा तिला नदीकाठी घर बांधून दिलं. तिच्या शाळेतली मुलं होडीतून येतात, आणि पाणी चढलं की ती त्यांना घरी ठेवून घेते, कुणाला एकट्यानं सोडत नाही.

हिनं विचारलं, "किती वर्षांची झाली असेल आता?"

"एक्केचाळीस," मी म्हणालो. आकडा चटकन तोंडातून गेला. पुस्तकात कुठेच नाही.

"म्हणजे केस पिकायला लागले असतील."

"एखाददुसरा."

"पेन्सिल आहे का हातात?"

"आहे की. का गं?"

"काही नाही," ही म्हणाली. पुस्तक मिटलं. शेवटच्या अकरा पानांची कड अजून नव्यासारखी पांढरी आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मेहुणीनं रविवारी दुपारची तीन तिकिटं आणली. बेत मोडायला सांगितलं होतं, तर ही बाई मधल्या ओळीतली तिकिटं घेऊन आली! मी डोळे वटारले. तिनं खांदे उडवले.

ठरवलंय, पूर आला की हिला घेऊन उठायचं. पोटात दुखतंय म्हणून सांगेन.

२३ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळचे साडेपाच. नुकतेच परतलो. ही हातपाय धुते आहे, तेवढ्यात लिहितो. सुटलो!

क्रमानं लिहितो. नावाडी फारच देखणा घेतलाय. रोज वल्हं मारणाऱ्याचे हात असे नसतात. होडीला ताजा रंग. तीन गाणी. पुस्तकातली म्हातारी कापली, तिच्या जागी एक विनोदी टपालवाला. पण नदी खरी होती, मानायला हवं. वल्ह्याचं पाणी पडताना ऐकू आलं तेव्हा ही पुढे सरकून बसली. वेण्याही होत्या. मी हिच्या कानात सांगितलं, "एक वर, एक खाली." हिनं मान हलवली.

मग पाऊस, ताप, पूर. मी हिचा हात धरला. "चल, मला बरं वाटत नाहीय, पोटात कळ येतेय."

"बसा," ही म्हणाली.

"अगं खरंच..."

"बसा म्हटलं ना." इतक्या वर्षांत हिनं माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. पुढच्या ओळीतले लोक वळून बघायला लागले. मी बसलो. डोळे मिटून घेतले. होडी लोटल्याचा आवाज आला, मग नुसतं पाणी. मग नावाड्याच्या हाका आणि किनाऱ्यावरून धावणारी पावलं. माझ्या पोटात आता खरंच कळ आली.

आणि मग एका मुलीचा आवाज. "बाबा!"

डोळे उघडले तर ती उभी! झाडाझुडपांतून, ओल्या केसांनी, हातात औषधाची बाटली. थेटरात टाळ्या पडल्या. मेहुणी हुंदके देत होती, आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली. बदलला! सिनेमावाल्यांनी शेवट बदलला! आयुष्यभर ज्यांना नावं ठेवली त्यांनीच माझी अब्रू राखली. हिनं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. दमली असेल.

त्याच दिवशी, साडेसहा

चहा ठेवला. हिनं कप हातात घेतला पण प्यायली नाही. म्हणाली, "पुस्तकच बरं."

मला आनंद झाला. म्हटलं, मी आधीपासून सांगतोय! गाण्यांनी वाट लावली, म्हातारी कापली...

"तसं नाही," ही म्हणाली. "पुस्तकात ती परत येत नाही."

२४ नोव्हेंबर, सोमवार

काही लिहवत नाही. काल हिला विचारायलाही तोंड उघडलं नाही. आज वाचन नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

चारला हीच म्हणाली, "बसा समोर."

बसलो. विचारलं, केव्हापासून माहीत आहे?

"पहिल्याच वर्षी. सव्वीस प्रकरणं पेन्सिल वाजत होती, आणि सत्ताविसाव्याला थांबली. छापील वाचताना तुमची पेन्सिल थांबत नाही. तुम्ही डोळ्यांसमोर नसलेलं सांगत होतात, हे मला आंधळीलासुद्धा दिसलं." मग म्हणाली, "त्याच महिन्यात सव्वीस तारखेला तुम्ही वाचनालयात गेलात, तेव्हा धाकटीला तिच्या प्रतीतून ते प्रकरण वाचायला लावलं. दर वर्षी लावते. मला पाठ आहे ते."

म्हणजे गॅलरीत मी ज्या बाईला वचन मागत होतो, तिनं ते प्रकरण नऊ वेळा वाचून दाखवलं होतं.

मी म्हटलं, मग मला का नाही बोललीस? नऊ वर्षं मला तोंडघशी का पडू दिलंस?

"वाट बघत होते," ही म्हणाली. "वाटायचं, यंदा वाचतील. म्हणून तर दर वर्षी मागायची पुस्तक. आणि खोटं कशाला बोलू, तुमचाही शेवट मला हवा असायचा. तुम्ही दर वर्षी तिला थोडी मोठी करत होतात. शाळा, नोकरी, घर. ऐकून बरं वाटायचं. पण ती गेली, हे आधी एकदा दोघांनी मिळून म्हणायला हवं होतं हो. मी ते एकटीनं म्हणत राहिले, धाकटीसमोर. तुमच्यासमोर कधी म्हणू दिलंच नाहीत तुम्ही."

मी म्हटलं, मला वाटलं तुला झेपणार नाही.

"मला?" ही म्हणाली. "धाकटी वाचताना सारखी अडखळते. 'इथे चुकीचं छापलंय ताई, इथे अक्षर उलटं पडलंय.' अकरा पानांत तेरा चुका. तुमच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात! तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. तुम्ही ते प्रकरण तेव्हाही वाचलं नव्हतंत."

नव्हतं वाचलं. आता लिहूनच टाकतो. ती गेल्याचा आठवा दिवस होता. छापखान्यातून माणूस शेवटची प्रुफं घेऊन घरी आला, छपाई अडली होती. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या. रिकामी होडी सापडते, तिथपर्यंत. तसाच खाली 'छापण्यास हरकत नाही' लिहिलं, सही केली आणि कागद परत दिले. पुढे काय आहे ते मला आजही माहीत नाही. हिच्यासाठी शेवट बदलला असं मी याच वहीत लिहिलंय. ते खोडत नाही, पण ते खरं नाही. मला वाचवत नव्हतं. हिचं नाव पुढे करून मी एकतीस वर्षं लपलो.

आणि मग ही म्हणाली, "ठकूला पण दोन वेण्या लागायच्या. तुम्हालाही सारख्या जमायच्या नाहीत."

ते नाव एकतीस वर्षांनी या घरात उच्चारलं गेलं. मी इथे दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. ठकू. दहा वर्षांची होती. पाच दिवसांचा ताप, आणि गेली. मी रडलो. हिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो, आणि ही माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

डबा केला नाही. वाचनालयात गेलो नाही.

दहाला मेहुणी आली. दार मीच उघडलं. मला बघून उंबरठ्यावरच थांबली, आत हिच्याकडे बघितलं, आणि आज तिनं चपला काढल्याच नाहीत. "मला जरा काम आहे," म्हणाली आणि जिना उतरून गेली. या बाईला काम असतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

चारपर्यंत थांबवेना. सकाळीच बसलो. खुर्ची ओढून टेबलाशी घेतली, हिची समोर, छापखान्यात बसायचो तशी. प्रकरण सत्तावीस. पहिल्या दोन ओळी वाचल्या, पेन्सिल टेकवली. रिकामी होडी. तिसऱ्या ओळीला आवाज फुटेना.

"थांबा," ही म्हणाली. "मी वाचते. तुम्ही तपासा."

आणि तिनं सुरुवात केली. हात मांडीवर, नजर कुठेच नाही, आवाज तोच, एका पट्टीतला, मूळ प्रत वाचायचा. एक वाक्य म्हणायची आणि थांबायची. मी छापील ओळीवरून बोट फिरवायचो आणि पेन्सिल टेकवायचो, मग ती पुढे. चुका खरंच तेरा होत्या. कडेला खुणा करत गेलो. मध्ये दोनदा मला ओळ दिसेनाशी झाली, तेव्हा ही न बोलता थांबून राहिली.

नावाडी महिनाभर नदी धुंडाळतो. काही सापडत नाही. गाव त्याच्याशी बोलायला कचरतं, तोही कुणाशी बोलत नाही. मग पाणी ओसरतं आणि तो पुन्हा होडी घालतो. शेवटच्या पानावर एक परका माणूस होडीत बसतो. त्याला काहीच ठाऊक नसतं. बोलायचं म्हणून विचारतो, मुलं किती तुम्हाला?

मी पुढची ओळ आधीच बघितली होती. हिनंही घाई केली नाही. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, तिनं त्यात हात ठेवला. मग म्हणाली, "'एक,' नावाडी म्हणाला. 'मुलगी.' आणि त्यानं वल्हं उचललं."

पेन्सिल टेकवायला मला वेळ लागला. टेकवली.

"जुळलं?" हिनं विचारलं.

"जुळलं," मी म्हणालो.

उद्या सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं आहे. तपासणी काही नाही. त्या पोरीनं भरलेल्या कागदात माझ्याकडून एक चूक राहिली आहे, ती दुरुस्त करून घ्यायची आहे.